म्हाताऱ्या मेंदूत तरुण पेशी

माणूस दीडशे वर्षं जगेल, असं आता फक्त कंपन्यांचे प्रचारक म्हणत नाहीत, चांगली शिकली-सवरलेली मंडळीही म्हणू लागली आहेत. युक्तिवाद सरळ आहे. शरीर म्हणजे गाडी. जो भाग झिजेल तो बदलायचा. आजवर तो भाग दुसऱ्या कुणाकडून, बहुधा मृताकडून, मिळवावा लागे. ऊती अभियांत्रिकीमुळे तो रुग्णाच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत घडेल. मग मूत्रपिंड झालं, यकृत झालं, हृदय झालं, आयुष्य लांबतच जाईल. मेंदूचं काय, असं विचारलं की उत्तर येतं: तो शेवटचा भाग, त्याचीही पाळी येईल.

माझा वाद या उत्तराशी आहे.

पूर्वपक्षाचं बळ मात्र आधी मान्य करायला हवं. 1983 साली अमेरिकेत जवळजवळ सर्वांगाने भाजलेल्या दोन लहान भावांना त्यांच्याच कातडीच्या छोट्याशा तुकड्यापासून वाढवलेल्या त्वचेने वाचवलं. 2015 साली जर्मनीत बोखुम इथे, जन्मजात दोषामुळे कातडी सोलवटून निघणाऱ्या सात वर्षांच्या सीरियन मुलाची सुमारे ऐंशी टक्के बाह्यत्वचा बदलली गेली. पेशी त्याच्याच, फक्त त्यांतलं जनुक दुरुस्त केलेलं. आपल्याकडे तंबाखूबरोबरच्या चुन्याची पुडी मुलांच्या हातात फुटते, चुना डोळ्यात उडतो आणि बुबुळ गढूळ होतं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत 2001 पासून अशा जळलेल्या डोळ्यांसाठी चांगल्या डोळ्यातल्या मूलपेशी घेऊन नवा पृष्ठभाग वाढवला जातो. ही जाहिरातबाजी नव्हे, खरीखुरी वैद्यकी आहे.

पण या उदाहरणांत दोन गोष्टी सारख्या आहेत. ऊती पातळ आहे, आणि रुग्ण बहुतेक कोवळ्या किंवा तरुण वयाचे आहेत.

पातळपणाचा मुद्दा सर्वांना माहीत आहे, म्हणून लांबवत नाही. प्राणवायू केशवाहिनीपासून जेमतेम 0.1 ते 0.2 मिलिमीटरपर्यंत पोचतो. त्यापलीकडची पेशी मरते. म्हणून जाड अवयव घडवणं म्हणजे मुळात त्यातल्या रक्तवाहिन्या घडवणं. 2006 साली गाजलेलं, रुग्णांच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत घडवलेलं मूत्राशय आठवा. पुढे मुलांवर पद्धतशीर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2014 साली आले: मूत्राशयाची क्षमता वाढली नाही, गंभीर दुष्परिणाम मात्र झाले. स्टॉकहोममध्ये रुग्णांना बसवलेल्या कृत्रिम श्वासनलिकांचं प्रकरण तर 2023 साली पाओलो माकियारिनी या शल्यविशारदाला तुरुंगवासाची शिक्षा होण्यापर्यंत गेलं. हे अडथळे उद्या दूर होतील असं धरून चालू. तरी हिशेब जुळत नाही. नॅथन कीफिट्झ या लोकसंख्याशास्त्रज्ञाने 1977 सालीच दाखवलं होतं की कर्करोग समूळ नाहीसा झाला तरी सरासरी आयुष्यात तीनेक वर्षांचीच भर पडेल. कारण कर्करोगातून सुटलेल्या म्हाताऱ्याला दुसरा रोग गाठतो. एकेक भाग दुरुस्त करून मिळणाऱ्या वर्षांची बेरीज कागदावर दिसते तेवढी होत नाही.

आता मेंदू. पूर्वपक्षाची सर्वांत कसदार मांडणी ज्याँ एबेर या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाची आहे. मेंदू एकदम बदलू नका, ते म्हणतात. बाह्य थराचा लहान तुकडा बदला, त्याला काम शिकू द्या, मग पुढचा. मेंदूतली गाठ सावकाश वाढते तेव्हा त्या भागाचं काम शेजारचा भाग उचलतो, हा त्यांचा आधार. 2024 पासून ते अमेरिकी सरकारच्या आरोग्य-संशोधन यंत्रणेत याच कामावर आहेत. म्हणजे ही कल्पना हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

तिची परीक्षा मात्र एका अर्थाने आधीच होऊन गेली आहे. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत गर्भातल्या चेतापेशींचं कलम करण्याचे प्रयोग स्वीडनमध्ये लुंड इथे 1980 च्या दशकातच सुरू झाले. अमेरिकेत चाळीस रुग्णांवर कसोशीने झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2001 साली आले. निम्म्यांच्या कवटीला फक्त भोकं पाडली, पेशी घातल्याच नाहीत. वीसपैकी सतरा रुग्णांत कलम रुजून त्याला तंतू फुटलेले दिसले. फायदा मात्र साठ किंवा त्याहून कमी वयाच्यांनाच झाला. पेशी तितक्याच तरुण, रुजल्याही. म्हाताऱ्या मेंदूला त्यांचा उपयोग करून घेता आला नाही.

दुसरा पुरावा याहून बोचरा आहे. 2008 साली अशा काही रुग्णांच्या मृत्यूनंतर मेंदू तपासले, तेव्हा 11 ते 16 वर्षांपूर्वी घातलेल्या पेशींत लेवी पिंड सापडले. लेवी पिंड म्हणजे पार्किन्सनची खूण. किशोरवयीन पेशींना म्हाताऱ्या यजमानाचा आजार जडला होता! प्रतिपक्ष म्हणेल, अशा पेशी थोड्याच होत्या, आणि त्याच सुमारास तपासलेल्या इतर काही कलमांत त्या मुळीच नव्हत्या. खरं आहे. पण सुट्या भागाच्या युक्तिवादाला एवढंही पुरेसं घातक आहे. नवा भाग भोवतालापासून अलिप्त राहतो, हे त्याचं गृहीतच इथे ढासळतं. 2022 साली स्टॅनफर्डमध्ये मानवी चेतापेशींचे गोळे उंदराच्या मेंदूत छान जोडले गेले, हे मला उत्तर म्हणून सांगतात. ते उंदीर नवजात होते, हे मात्र सांगायचं राहून जातं.

शिवाय बदलायचं आहे तरी काय? अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-14 चा माग काढून स्वीडिश संशोधकांनी दाखवलं की मेंदूच्या बाह्य थरातल्या चेतापेशी माणसाच्याच वयाच्या असतात. यकृताचं काम कोणतंही निरोगी यकृत करतं. चेतापेशींच्या जोडांत मात्र त्या माणसाच्या आठवणींचा सगळा साठा असतो, आणि नव्या तुकड्याला तो शिकवणार कोण, तर उरलेला जुना मेंदू.

इथवर वाचून कुणी हात झटकले, की मेंदूच मर्यादा आहे तर प्रश्नच मिटला, तर तेही मला मान्य नाही. रोज लाखभर चेतापेशी मरतात, हे ऐकून ऐकून आपण खरं मानतो. डॅनिश संशोधकांनी 1997 साली नीट मोजणी केली तेव्हा विशी ते नव्वदीत बाह्य थरातल्या पेशींची घट फक्त दहा टक्क्यांच्या आसपास निघाली. पेशी टिकतात; कमी होतात ते त्यांच्यातले जोड, आणि बिघडतात त्यांना पोसणाऱ्या बारीक वाहिन्या. वाहिन्यांवर इलाज आहे. 2019 साली निष्कर्ष आलेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत वरचा रक्तदाब 120 च्या खाली आणण्याचं लक्ष्य ठेवलं, तेव्हा सौम्य बौद्धिक ऱ्हासाचं प्रमाण 19 टक्क्यांनी घटलं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या दीर्घ पाहणीत तीन दशकांत दर दशकाला स्मृतिभ्रंशाचे नवे रुग्ण सुमारे वीस टक्क्यांनी कमी होत गेले, पण निदान शाळा पुरी केलेल्यांतच. भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा 2023 चा अंदाज आहे. त्यांच्यापैकी कुणाचा मेंदू बदलण्याची चर्चा करण्याआधी रक्तदाबाची स्वस्त गोळी आणि शाळा यांचा हिशेब मांडला गेला पाहिजे.

मेंदू किती टिकू शकतो, हे एका उदाहरणात दिसतं. हेंड्रिक्ये वान आंदेल-स्किपर ही डच बाई 2005 साली 115 व्या वर्षी गेली. शेवटच्या काही वर्षांत घेतलेल्या चाचण्यांत तिची बुद्धी साठी-सत्तरीच्या लोकांच्या सरासरीहून वरचढ ठरली होती, आणि मृत्यूनंतर मेंदूत अल्झायमरच्या खुणा जवळजवळ नव्हत्या. झिजलं होतं ते वेगळंच. तिच्या बहुतेक पांढऱ्या पेशी अस्थिमज्जेतल्या केवळ दोन मूलपेशींच्या वंशातल्या होत्या. म्हणजे अतिदीर्घ आयुष्यात बदलण्याजोगा भाग शोधायचाच असेल तर तो मज्जेत आहे, आणि मज्जेचं प्रत्यारोपण आपण 1950 च्या दशकापासून करत आलो आहोत. अडचण अशी की नवी मज्जा बसवण्याआधी जुनी जहाल औषधांनी रिकामी करावी लागते, आणि नव्वदी ओलांडलेल्या शरीराला ते सोसत नाही. त्या औषधांना सौम्य पर्याय शोधणारी प्रयोगशाळा मला दीडशे वर्षांच्या गप्पांपेक्षा जास्त गंभीर वाटते.