घरातून ‘नाचगाणं नको’ का येतं? बौद्ध कुटुंबांतल्या तीन पिढ्या आणि रंगमंच

वस्त्यांमध्ये युवकांसोबत काम करताना आम्हाला एक प्रसंग वारंवार भेटतो. मुलगी कॉलेजच्या एकांकिकेत काम करते, बक्षीस आणते. घरात पेढे वाटले जातात, ढाल टीव्हीवर मांडली जाते. पण ‘मला नाट्यशास्त्राला प्रवेश घ्यायचाय’ असे तिने म्हटले की घराचा सूर बदलतो. वडील म्हणतात, आधी एमपीएससी दे. आजी त्याहून स्पष्ट बोलते, ‘ते सोडण्यासाठीच तर आपण एवढं केलं.’

मुलांना हे मागासलेपण वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. आजीचा नकार कलेला नाही, जातीने लादलेल्या कामाला आहे. हा फरक कळला नाही तर दोन्ही पिढ्या एकमेकींवर अन्याय करतात.

कला नव्हे, कामगिरी

गावगाड्यात हलगी वाजवणे हा कुणाचा छंद नव्हता. लग्न, जत्रा, दवंडी, मयत, बोलावले की जावे लागे. तमाशाच्या फडांत प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी समाजातले कलावंत होते. त्यांची लावणी गावाला हवी होती, त्यांचा स्पर्श मात्र नको होता. दौलतजादा उधळणारे हात दिवसा त्याच बाईला पाणवठ्यावर येऊ देत नसत. मुरळी, जोगतीण या प्रथांत तर देवाच्या नावाने मुलीचे आयुष्यच वाहिले जाई.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. एदो काळातल्या जपानमध्ये काबुकी नटांना ‘कावारामोनो’, म्हणजे नदीपात्रातली माणसे, असे हिणवत. जोसोनकालीन कोरियात ‘ग्वांगदे’ कलावंत समाजाच्या सर्वांत खालच्या थरात मोजले जात. छिंग काळातल्या चीनमध्ये नटांना व त्यांच्या वंशजांना सरकारी परीक्षेला बसण्याची मनाई होती. आशियाई आईवडिलांना कलेचे वावडे असते असे सरसकट बोलले जाते, पण जिथे कलावंत म्हणजे हलक्या जातीचा असे समीकरण होते, तिथे परीक्षा आणि नोकरी हाच सुटकेचा रस्ता दिसणे साहजिक आहे.

बाबासाहेबांनी काय नाकारले, काय स्वीकारले?

जून १९३६ मध्ये मुंबईच्या परळ भागात बाबासाहेबांनी वाघ्या, मुरळी, जोगतिणी, देवदासी यांच्यासमोर भाषण केले आणि ते जिणे सोडण्याचे आवाहन केले. पठ्ठे बापूराव यांनी तमाशाच्या उत्पन्नातून देऊ केलेली मदत बाबासाहेबांनी नाकारली, ही आठवणही चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आपल्या बायकांना नाचवून आलेला पैसा चळवळीला नको, असा त्या नकाराचा अर्थ लावला जातो.

मात्र हेच बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. सत्यशोधक जलशांचा वारसा घेऊन भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. ढोलकी तीच, सवालजवाबाचा बाज तोच, पण विषय शिक्षण, पाणवठा आणि स्वाभिमान. पुढे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्रा. म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक झाले. दलित रंगभूमीच्या इतिहासात त्याला आरंभीचे स्थान दिले जाते. म्हणजे नकार लाचारीला होता, रंगमंचाला नव्हता.

याची एक किंमतही आपण मान्य केली पाहिजे. बहुतेक जलशांत स्त्रिया नव्हत्या, स्त्रीपात्रे पुरुषच करीत. बाईची अप्रतिष्ठा थांबवण्यासाठी बाईलाच मंचावरून उतरवले गेले. आज आपल्या मुलींना भावांपेक्षा जास्त ‘नको’ ऐकावे लागते, त्याचे एक मूळ इथे आहे.

धम्मात कला निषिद्ध आहे का?

वाद वाढला की घरातले जाणते शीलांचा दाखला देतात. इथे नेमकेपणा हवा. गृहस्थाच्या पंचशीलात नृत्य, गीत, वाद्य यांचा उल्लेख नाही. त्यांपासून दूर राहण्याचे शील उपोसथाच्या अष्टशीलात आणि श्रामणेरांच्या दहा शीलांत येते. ते साधनेसाठी आहे, उपजीविका ठरवण्यासाठी नाही.

संयुत्त निकायात तालपुट या नटप्रमुखाची कथा आहे. प्रेक्षकांचे लोभ, द्वेष, मोह वाढवणाऱ्या नटाला बुद्धांनी कठोर इशारा दिला. आमच्या वाचनात हा प्रश्न कलेच्या परिणामाचा आहे: ती माणसाला कुठे नेते? शिवाय ‘बुद्धचरित’ लिहिणाऱ्या अश्वघोषांनी नाटकही लिहिले. त्यांच्या ‘शारिपुत्रप्रकरणा’चे अवशेष मध्य आशियातल्या तुर्फानला सापडले. उपलब्ध संस्कृत नाटकांपैकी ते सर्वांत जुन्यांत मोजले जाते आणि त्याचा विषय आहे सारिपुत्त व मोग्गल्लान यांची प्रव्रज्या.

मधली पिढी

१९५६ नंतर शिकलेली पिढी बँकेत, रेल्वेत, शाळेत लागली. तिने कला सोडली नाही, तिला जागा नेमून दिली. १४ एप्रिलचा मंच, गायन पार्टी, वामनदादा कर्डकांची गाणी, बस्स. पोटासाठी नोकरी, समाजासाठी गाणे. वामनदादांसारख्यांनी उभे आयुष्य गाण्याला दिले, पण गाण्याने घर चालणे किती कठीण असते हेही याच पिढीने जवळून पाहिले. १९९७ च्या रमाबाईनगर गोळीबारानंतर शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवले. वडिलांच्या ‘आधी एमपीएससी’मागे ही भीती असते.

तरीही दालन उघडले ते याच काळात. प्रेमानंद गज्वी यांचे ‘घोटभर पाणी’, दत्ता भगत यांचे ‘वाटा पळवाटा’, पुढे २०१२ मध्ये आलेले ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ यांनी दाखवले की आपली माणसे व्यावसायिक मंचावर स्वतःच्या अटींवर बोलू शकतात. एकतारीवर भीमगीते गाणाऱ्या कडूबाई खरात आज घराघरात ऐकल्या जातात.

घरात बोलताना

आमच्या अनुभवातून चार गोष्टी सुचवतो.

१. आधी ऐका. आजीला विचारा, तिच्या माहेरी कोण वाजवायचे, कोण नाचायचे, बदल्यात काय मिळायचे. अनेक घरांत हा विषय पहिल्यांदाच निघतो. ते सारे लिहून ठेवा.

२. माहिती घेऊन बसा. औरंगाबाद, मुंबई, पुणे येथील विद्यापीठांत नाट्यशिक्षणाची सोय आहे. शुल्क, शिष्यवृत्ती आणि नंतरची कामे यांचा कागद वडिलांसमोर ठेवा. ‘माझी आवड आहे’ एवढ्याने त्यांची काळजी मिटत नाही.

३. मानधन मागा. ‘समाजाचं काम आहे’ म्हणून कलावंताला फुकट राबवणाऱ्या मंडळांनीही विचार करावा. बिनमोबदला वाजवणे हीच तर जुनी कामगिरी होती.

४. मुलींच्या तालमीची वेळ, परतण्याची सोय, तक्रारीची जागा हे आधी ठरवा. हे नीट असेल तर निम्मा विरोध गळून पडतो, असे आम्ही पाहिले आहे.

ज्यांनी हलगी खाली ठेवली त्यांनी आपल्याला माणूस म्हणून उभे केले. तीच हलगी आज कुणी स्वेच्छेने, शिकून, मोल घेऊन उचलत असेल तर तोही त्याच लढ्याचा पुढचा टप्पा आहे. मुलीच्या पुढच्या प्रयोगाला आजीला पहिल्या रांगेत बसवा. बाकीचे बोलणे नाटक संपल्यावर करता येईल.