बाणकोटच्या खाडीवरील राखण

हरिहरेश्वरास येणारा यात्रेकरू काळभैरवाचें व हरिहराचें दर्शन घेतो, ओहोटी साधून कड्यांत कोरलेल्या पायऱ्यांनीं डोंगराची प्रदक्षिणा करितो आणि परततो. इतिहासाच्या अभ्यासकाची वाटहि ठरलेलीच. पेशव्यांचें हें कुलदैवत, त्यांचें श्रीवर्धन जवळच. सावित्रीचें मुख तरीनें ओलांडलें कीं बाणकोटचा किल्ला, ज्यास १७५५ सालीं इंग्रजांनीं तो घेऊन फोर्ट व्हिक्टोरिया असें नांव दिलें. आणि त्यापुढें वेळास, नाना फडणिसांचें मूळ गांव. आम्हीहि वर्षानुवर्षें ह्याच वाटेनें विद्यार्थ्यांना नेत आलों. वेळासच्या पुळणीवर निराळाच इतिहास घडला आहे, हें आम्हांस फार उशिरां कळलें; कबूल करण्यास संकोच वाटतो.

आपल्याकडे रानाची राखण होत आली ती हुकमानें किंवा भयानें. आंबाफणसाचीं झाडें रयतेनें पोटच्या पोरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, तीं तोडूं नयेत, अशी ताकीद रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आहे. जंजिऱ्याच्या नबाबांनीं फणसाडचें जंगल शिकारीसाठीं राखिलें, त्याचें १९८६ सालीं अभयारण्य झालें. देवराईला तर देवाचाच धाक. परंतु समुद्रकांठची वाळू ना राजाची, ना देवाची. तेथें रात्रीं कासवी अंडीं घालून गेली तर सकाळीं तीं ज्याच्या हातीं लागतील त्याचीं! देवळांत शिरतांना दगडी कासवाला हात लावून नमस्कार करणारे आपण लोक. पण त्याच्या अंड्यांची विक्री होतांना कोणाला कांहीं वाटलें नाहीं. १९७२ च्या कायद्यानें पुढें वन्यजीवांना संरक्षण दिलें खरें, परंतु पुळणीवर रात्रीं जागणार कोण?

२००२ सालीं चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र ह्या संस्थेचीं माणसें समुद्रगरुडांची पाहणी करीत वेळासला आलीं असतां त्यांना कासवाच्या अंड्यांचीं टरफलें पडलेलीं दिसलीं. भाऊ काटदरे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेव्हांपासून हें काम अंगावर घेतलें. थंडीच्या दिवसांत मादी रात्रीं वर येते, हातभर खोल खड्डा उकरून शंभर-सव्वाशें अंडीं घालते, वर वाळू लोटते आणि समुद्रांत निघून जाते. पिलांशीं तिचा पुढें संबंध नाहीं. राखणदारानें पहांटे तिच्या खुणा हुडकावयाच्या, अंडीं हळूच काढून कुंपणांत तितक्याच खोल खड्ड्यांत ठेवावयाचीं, तारीख लिहावयाची आणि सुमारें पन्नास दिवस कोल्हीं-कुत्रीं हांकीत वाट पाहावयाची. पिलें वर आलीं कीं लाटेच्या अलीकडेच सोडावयाचीं. पुढची वाट त्यांनीं आपल्या पायांनीं चालावयाची. पहिल्या हंगामांत पन्नासांच्या आसपास घरटीं राखलीं गेलीं आणि अडीच हजारांहून अधिक पिलें समुद्रांत गेलीं.

ह्यांत आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट निराळीच. वाळूवरची खूण ओळखण्याचें कसब होतें तें अंडीं काढणाऱ्यांच्याच अंगीं. त्यांना दोष देत न बसतां तेंच कसब राखणीस लाविलें गेलें.

२००६ पासून कासवमहोत्सव भरूं लागला. पुण्यामुंबईचीं कुटुंबें गांवकऱ्यांच्या घरीं उतरूं लागलीं, चार पैसे गांवांत आले. सेवेचा धंदा झाला, असें आमचे एक सहाध्यापक म्हणतात. अंड्यांचे पैसे जेथें बुडाले तेथें पाहुण्यांचे आले, तर बिघडलें काय? मात्र गर्दी आणि विजेऱ्यांचे झोत वाढले तर मादी माघारी फिरेल, हा धोका खरा आहे.

पुढें वनखातेंहि ह्या कामांत उतरलें; खाडीच्या अलीकडे हरिहरेश्वर, मारळ, दिवेआगर येथेंहि घरटीं राखलीं जाऊं लागलीं. २०२२ च्या जानेवारींत वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहास खबर देणारें यंत्र बसवून तिचें नांव प्रथमा ठेविलें, तें वर्तमानपत्रांतून गाजलें. पहिल्या वर्षीं पहांटेच्या थंडींत पुळण तुडविणाऱ्या गांवकऱ्यांचीं नांवें मात्र कोठें गाजलीं नाहींत. दप्तराच्या रुमालांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस वाटतें कीं, तीं माणसें आहेत तोंच त्यांच्या तोंडून हा वृत्तांत कोणी उतरून घ्यावा. येत्या हंगामांत दोन विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही निघणार आहों. तरीच्या वेळा विचारून ठेविल्या आहेत.