सांध्याची शंका

चाळीसगावला मुंबई–भुसावळ मार्गाला धुळ्याचा फाटा १९०० साली जोडला गेला. फाटा आला की सांधा आला, आणि रूळ कोणत्या बाजूला वळले आहेत हे केबिनमधल्या माणसाला कळायचे कसे, हा प्रश्नही आला. लिव्हरच्या काळात याचे उत्तर हातालाच मिळे. जॉन सॅक्सबीने १८५६ साली पेटंट घेतलेल्या इंटरलॉकिंगमध्ये सांधे आणि सिग्नल एकमेकांत अडकवलेले असत. सांधा बरोबर नसेल तर सिग्नलचा लिव्हर जागचा हलत नसे. यंत्राचा नकार थेट तळहाताला जाणवे. तार अडकली असेल किंवा सांध्यात खडी बसली असेल, तर ओढायला लागणाऱ्या जोरावरून तेही कळे.

पुढे विजेच्या रिले आल्या आणि स्टेशन मास्तरांसमोर बटणांचा फलक आला. आता मास्तर गाडी कुठून येणार आणि कुठे जाणार तेवढे सांगतात. सांधे फिरवणे, कुलूपबंद करणे आणि सिग्नल देणे यंत्र पाहते. मास्तरांना रूळ दिसत नाहीत, त्यांचा नकाशा दिसतो. या नकाशाचे खरे मोल त्याने शंकेला दिलेल्या जागेत आहे, असे मला वाटते. विल्यम रॉबिन्सनने १८७२ साली शोधलेल्या ट्रॅक सर्किटमध्ये रुळांतून बारीक प्रवाह वाहतो. गाडीच्या चाकांनी तो मध्येच वळवून रिलेपर्यंत पोहोचू दिला नाही की फलकावरचा तो तुकडा लाल होतो. पण रूळ तुटला किंवा वीज गेली तरीही तो लालच होतो. खात्री नसेल तेव्हा फलक धोकाच दाखवतो. सांधा मागितल्या जागी बसला नाही तर त्याचा दिवा लुकलुकतो. दिलेला मार्ग आणीबाणीत रद्द करायचा झाला तर १२० सेकंद थांबावे लागते, आणि असे प्रत्येक रद्द करणे मोजणीयंत्रावर नोंदले जाते.

यावर कुणी म्हणेल की यंत्र माणसापेक्षा कमी चुकते, मग मास्तरांना एवढे दाखवायचे कशाला? जास्त दिवे म्हणजे जास्त गोंधळ. या म्हणण्यात तथ्य आहे. गर्दीच्या फलकावर नेमका महत्त्वाचा दिवाच हरवतो. पण २ जून २०२३ रोजी ओडिशात बालासोरजवळच्या बहानगा बाजारला यंत्राच्या त्याच खात्रीने घात केला. दुरुस्तीत तारा चुकीच्या जोडल्या गेल्या होत्या. सांधा लूप लाइनकडे वळलेला असताना यंत्रणा तो सरळ असल्याचे सांगत राहिली. कोरोमंडल एक्स्प्रेसला हिरवा सिग्नल मिळाला, ती उभ्या मालगाडीवर आदळली आणि २९० हून अधिक माणसे गेली. सांध्यांचे आधी वारंवार दिसलेले विचित्र वागणे कळवले गेले असते तर चुकीची जोडणी सापडू शकली असती, असे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीने म्हटले. माझ्या मते हा न कळवण्याचा दोष एकट्या मास्तरांचा नाही. फलक फक्त या क्षणाची स्थिती दाखवतो. कालचे आणि परवाचे विसंगत वागणे त्यावर कुठेच उमटत नाही. बटणांच्या फलकाची जागा आता संगणकाचा पडदा घेतो आहे. ड्यूटी बदलताना कोणता सांधा किती वेळा अडखळला हे त्या पडद्यावर आपोआप समोर आणणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. भुसावळच्या क्षेत्रीय रेल्वे प्रशिक्षण संस्थेत घडणाऱ्या मास्तरांना दिवे वाचण्याबरोबर ही नोंद वाचायलाही शिकवता येईल.