व्हिडिओकॉन पिक्चर ट्यूबमध्ये कशी अडकली?

नाशिकच्या शोरूममध्ये आज टीव्ही घ्यायला गेलं, की एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी अशी नावं कानावर पडतात. व्हिडिओकॉन कुणी मागत नाही. एकेकाळी हा घराघरातला ब्रँड होता. कारखानाही लांब नव्हता, औरंगाबादजवळ चितेगावला.

झालं असं, की 2005 मध्ये व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको, चीनमधले कारखाने हाती आले. पण थॉमसन तो विकत का होती? कारण एलसीडी.

ट्यूबमध्ये मागून पडद्यावर इलेक्ट्रॉनचा मारा करावा लागतो, म्हणून जुन्या टीव्हीला ते भलंमोठं पोट. एलसीडीत मागे दिवे आणि पुढे लिक्विड क्रिस्टलचा पातळ थर, जो प्रकाश अडवतो किंवा सोडतो. (दुकानातला 'एलईडी टीव्ही' म्हणजे एलसीडीच, फक्त मागचे दिवे एलईडीचे. ओएलईडीत मात्र प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो.)

2007 च्या अखेरीस जगात एलसीडीची विक्री ट्यूबच्या पुढे गेली. घेतलेले कारखाने गळ्यात पडले. पुढे तेल आणि मोबाईल सेवेच्या धंद्यातल्या कर्जाचीही भर पडली आणि 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

आजही भारतात टीव्ही जोडले जातात, पॅनेल मुख्यतः चीनमधून येतं. टीव्हीच्या किमतीत सगळ्यात मोठा वाटा त्याचाच. म्हणून पडदा फुटला, की मेकॅनिक सरळ 'नवाच घ्या' म्हणतो.