पुंज संकेतशोधन व आकलन सिद्धांत

पुंज संकेतशोधन व आकलन सिद्धांत ही पुंजयामिकी आणि संख्याशास्त्रीय निर्णयशास्त्र यांच्या संगमातून निर्माण झालेली संदेशवहनशास्त्राची शाखा आहे. ग्राहीपर्यंत पोहोचलेल्या क्षीण प्रकाशावरून कोणता संकेत पाठवला गेला हे ओळखताना किमान किती चूक अटळ आहे, हा तिचा मध्यवर्ती प्रश्न होय. अमेरिकन शास्त्रज्ञ कार्ल हेल्स्ट्रॉम यांनी १९६७ साली तिचा पाया घातला. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. रशियन गणितज्ञ अलेक्झांडर होलेव्हो यांनी तिला अधिक व्यापक गणिती बैठक दिली.

पार्श्वभूमी

रेडिओ संदेशवहनातील मुख्य अडथळा उष्णताजन्य गोंगाटाचा असतो. १० गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या एका फोटॉनची ऊर्जा सामान्य तापमानाच्या औष्णिक ऊर्जेपेक्षा सहाशेहून अधिक पटींनी कमी असते. त्यामुळे तेथे फोटॉनचे अस्तित्व जाणवतही नाही. प्रकाशतंतूंतून जाणाऱ्या १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मात्र फोटॉनची ऊर्जा औष्णिक ऊर्जेच्या सुमारे ३१ पट भरते. उष्णतेचा गोंगाट येथे जवळजवळ नाहीसा होतो, तरीही चूक उरतेच. लेझर प्रकाशाच्या दोन भिन्न अवस्था एकमेकींशी पूर्णतः लंब नसतात आणि अशा अवस्था कोणत्याही मापनाने निःसंशय वेगळ्या ओळखता येत नाहीत. हा उपकरणाचा दोष नसून निसर्गनियम आहे. दूरच्या अवकाशयानाकडून मोजकेच फोटॉन हाती येतात, तेथे ही मर्यादा प्रत्यक्ष महत्त्वाची ठरते.

हेल्स्ट्रॉम मर्यादा आणि ग्राही

‘०’ आणि ‘१’ हे संकेत समान तीव्रतेच्या, परंतु विरुद्ध कला असलेल्या लेझर स्पंदांनी पाठवले, दोन्ही समसंभाव्य मानले आणि प्रत्येक स्पंदात सरासरी एक फोटॉन असला, तर प्रचलित होमोडाइन ग्राहीची चूक आदर्श स्थितीतही सुमारे २.३ टक्के होते. हेल्स्ट्रॉम मर्यादा केवळ ०.४६ टक्के आहे. रॉबर्ट केनेडी यांनी १९७३ मध्ये सुचवलेल्या ग्राहीत येणाऱ्या प्रकाशात स्थानिक लेझर प्रकाश असा मिसळतात की दोहोंपैकी एक संकेत पूर्ण अंधारात रूपांतरित होतो. मग एक फोटॉन जरी मोजला गेला तरी दुसरा संकेत होता असे ठरते. यात चूक सुमारे ०.९२ टक्क्यांवर येते. फोटॉनसंख्या फारच कमी असता मात्र हा ग्राही होमोडाइनपेक्षाही मागे पडतो.

त्याच वर्षी सॅम्युएल डोलिनार यांनी प्रत्येक फोटॉनच्या नोंदीनंतर स्थानिक प्रकाश बदलत राहणारा ग्राही मांडला. केवळ फोटॉनमोजणी आणि प्रतिभरण यांच्या बळावर तो तत्त्वतः हेल्स्ट्रॉम मर्यादा तंतोतंत गाठतो, ही या विषयातील सर्वांत अनपेक्षित गोष्ट म्हणावी लागेल. प्रयोगशाळेत त्याचे प्रात्यक्षिक २००७ साली झाले.

आकलन

संकेताची कला किंवा तीव्रता यांसारखी सलग बदलणारी राशी किती अचूक मोजता येईल, हा आकलनाचा विषय आहे. भारतीय संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी १९४५ मध्ये मांडलेल्या आणि क्रामेर-राव असमता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निष्कर्षाचे पुंज रूप हेल्स्ट्रॉम यांनी दिले. त्यानुसार सरासरी N फोटॉन असलेल्या लेझर स्पंदाच्या कलेचे प्रचरण १/(४N) पेक्षा कमी होऊ शकत नाही.