वंशवृक्ष एका ओळीत

बऱ्हाणपूर परिसरात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी घराण्यांस वंशावळीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. आमच्या लोधीपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीत एखादे शेत वारसांच्या नावे चढवावयाचे झाले, की वंशवृक्षाची विचारणा होतेच. महसुली बोलीत त्यास ‘शजरा’ म्हणतात. या मूळ अरबी शब्दाचा अर्थही झाड असाच आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत मात्र झाड नसते, नावांच्या ओळी असतात. झाड पाहावयास सोपे, तर ओळ उतरवून घेण्यास सोपी. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न जीवशास्त्रज्ञांपुढेही उभा राहिला होता.

चार्ल्स डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथात आकृती एकच होती, आणि ती जीवजातींच्या फाटत जाणाऱ्या शाखांची होती. पुढे संगणक आले. त्यांस चित्र कसे सांगावे? गणितज्ञ आर्थर केली याने १८५७ मध्येच वृक्षाकृतींचा अभ्यास आरंभिला होता. एकात एक बसणारे कंस आणि झाडाच्या फांद्या यांचे नाते त्यात सूचित होते. १९८४ मध्ये ख्रिस्तोफर मीचम यांनी झाडे रेखाटणाऱ्या संगणकीय आज्ञावलींसाठी अशा कंसांचे लेखन योजिले. २६ जून १९८६ रोजी अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात जोसेफ फेल्सेनस्टाइन प्रभृती अभ्यासकांनी त्याचे सुधारित रूप सर्वांसाठी मान्य केले. ही बैठक डोव्हर गावातील ‘न्यूइक’ नावाच्या उपाहारगृहात झाली, म्हणून ही पद्धतही ‘न्यूइक’ या नावाने ओळखली जाते.

तिचे नियम अल्प आहेत. अपत्ये कंसात, भावंडांमध्ये स्वल्पविराम, कंसानंतर जनकाचे नाव आणि शेवटी अर्धविराम. १८६० पर्यंत बऱ्हाणपूर ज्यांच्या राज्यात होते, त्या शिंदे घराण्यातील कामापुरती नावे घेऊन आम्ही ती येथे लिहून दाखवितो :

((जनकोजी)जयाप्पा,दत्ताजी,जोतिबा,((दौलतराव)आनंदराव)तुकोजी,महादजी)राणोजी;

ही ओळ संगणकास दिली, की तो तिचे झाड काढून देतो. ते उभे, आडवे वा वर्तुळाकार कसेही काढता येते. भावंडांचा क्रम बदलला तरी जीवशास्त्रज्ञाच्या दृष्टीने झाड तेच राहते. आमच्या वंशावळीत मात्र ज्येष्ठ-कनिष्ठ हा भेद गादीचा आणि मानाचा असतो.

याहून मोठी अडचण दत्तकाची. १७९४ मध्ये महादजी निवर्तले आणि गादीवर दौलतराव आले. ते रक्ताने तुकोजींचे नातू, परंतु वारसा महादजींचा. न्यूइकच्या मूळ नियमांत प्रत्येकास जनक एकच. त्यामुळे दौलतरावांस महादजींखाली लिहावे तर जन्म लपतो, आनंदरावांखाली लिहावे तर गादी लपते. वनस्पतींतही संकराने दोन जातींपासून एक जात उद्भवते. तेथेही हाच पेच पडला. त्यावर २००८ मध्ये या पद्धतीचा विस्तार सुचविण्यात आला. त्यानुसार तेच नाव, त्याच खुणेने आणि क्रमांकाने, दोन्ही ठिकाणी लिहावयाचे आणि चित्रात ते एकच समजावयाचे.

आणि स्त्रिया? तुकोजी व महादजी हे राणोजींच्या चिमाबाईंचे पुत्र, जयाप्पादी बंधू दुसऱ्या पत्नीचे. महादजींच्या वारसाहक्काचा वाद याच भेदातून निघाला. तरी वरील ओळीत चिमाबाई कोठेच नाहीत. दौलतरावांमागे जनकोजींस दत्तक घेऊन १८२७ पासून १८३३ पर्यंत राज्यकारभार पाहणाऱ्या बायजाबाईंसही या ओळीत जागा नाही. हा दोष एकट्या न्यूइकचा नव्हे. पुरुषांचीच नावे नोंदविणाऱ्या आमच्या अनेक जुन्या वंशावळींचाही तो आहेच.

मानवी कुळांसाठी अमेरिकेतील मॉर्मन चर्चने १९८४ मध्ये ‘गेडकॉम’ ही लेखनपद्धती काढली. तीही साध्या अक्षरांचीच. तिच्यात प्रत्येक व्यक्तीची नोंद निराळी आणि प्रत्येक कुटुंबाची निराळी. कुटुंबाच्या नोंदीत पती, पत्नी व अपत्ये येतात. दत्तकाचे नातेही त्यात सांगता येते.

आज मुलेबाळे पुणे, इंदूर आणि परदेशी विखुरली आहेत. भिंतीवरच्या वंशवृक्षास वाळवी लागते. साध्या अक्षरांतील नोंद कोणीही, कोठेही उतरवून ठेवू शकतो. म्हणून घरोघरी अशी नोंद व्हावी असे आम्हांस वाटते. ती करताना सासरी गेलेल्या लेकी आणि माहेर सोडून आलेल्या सुना यांची नावे आधी विचारून घ्यावीत. ती नावे सांगणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रिया प्रत्येक घरात आता थोड्याच उरल्या आहेत.