पुण्याची कोतवाली आणि रहिवाशाचा अर्ज

पेशवाईंतील पुण्याविषयीं लिहितांना वाडे, मोहिमा आणि दरबार यांचें वर्णन पुष्कळ झालें आहे. परंतु त्या शहरांतील सामान्य मनुष्यास घराची हद्द ठरवून घ्यावयाची असल्यास, किंवा शेजाऱ्यानें बोळ अडविल्यास तो कोणाकडे जात असे, आणि त्याचें म्हणणें कोणत्या कागदावर उतरत असे, या प्रश्नाकडे त्या मानानें लक्ष कमी गेलें. प्रस्तुत लेखांत त्याचा विचार करून आजच्या महानगरपालिकेपर्यंत हा धागा नेण्याचा आमचा मानस आहे. आमचें प्रतिपाद्य थोडक्यांत असें : अधिकाऱ्याचें कर्तव्य लिहून ठेवणें ही एक गोष्ट, आणि तें त्यानें न केल्यास रहिवाशानें काय करावें हें लिहून ठेवणें ही दुसरी. पुण्यास पहिली अठराव्या शतकांतच लाभली. दुसरीला त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ लागला.

थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत, इ. स. १७६४ मध्यें, बाळाजी नारायण केतकर यांजकडे पुण्याची कोतवाली सांगण्यांत आली. गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिश्यांत कोतवालाच्या कामांची कलमवार याद सांपडते. पेठांतील मोठे तंटे तोडणें, बाजाराचे भाव बांधणें, सरकारकामास मजूर पुरविणें, घरें व जागा यांची खरेदी-विक्री आपल्या विद्यमानें करविणें, शहरांत राहणाऱ्या, येणाऱ्या व जाणाऱ्या माणसांची नोंद ठेवणें, रस्ते, गल्ल्या व घरें यांसंबंधींचे कज्जे निकालांत काढणें आणि दरमहा हिशेब हुजुरांत रुजू करणें, हीं त्यांतील मुख्य कामें होत. आज पोलीस, नगरभूमापन, दस्तनोंदणी, बाजारखातें आणि न्यायालय या पांच ठिकाणीं जें काम चालतें, तें तेव्हां एका चावडीवर होत असे. रहिवाशास एकच दार ठाऊक असलें कीं पुरे, ही सोय कांहीं लहान नव्हती.

परंतु या यादीचें शेवटचें कलम नीट वाचावें. कोतवालाचा हिशेब हुजुरांत जाई. पेठेंत तो वाचून दाखविला जात नसे. कोतवालानें काय करावें हें लिहिलेलें आहे. तें त्यानें न केल्यास पेठकऱ्यानें कोठें व किती दिवसांत दाद मागावी, याचें कलम त्यांत नाहीं. फिर्याद घेऊन सरकारवाड्यापर्यंत जाण्यास कोणास मनाई नव्हती हें खरें. पण कारभाऱ्यांपर्यंत पोंचणें हें ओळख, जात व वशिला यांवर अवलंबून होतें.

या उणिवेचें फळ ऑगस्ट १७९१ मध्यें दिसलें. घाशीराम सावळदास याजकडे १७७७ पासून कोतवाली होती. त्यानें तैलंगी ब्राह्मणांस कोठडींत कोंडलें व त्यांपैकीं कित्येक गुदमरून मेले. मानाजी फाकडे यांनीं कुलूप तोडविल्यावर प्रकार उघडकीस आला. ब्राह्मणांचा जमाव नाना फडणिसांकडे न्याय मागत गेला, आणि अखेर घाशीरामाचा अंत लोकांच्या दगडांखालीं झाला. या प्रकरणावर नाटकी रंग पुष्कळ चढला आहे. आम्हांस त्यांत एक साधी गोष्ट दिसते. चौदा वर्षें एका अधिकाऱ्याविषयींचा असंतोष सांठत गेला आणि त्यास वाट मिळाली ती एकदम, जमावाच्या रूपानें. तक्रार नोंदविण्याची व ठराविक मुदतींत निकालांत काढण्याची रीत जेथें नसते, तेथें न्याय उशिरा येतो आणि येतो तेव्हां त्याचें रूप क्रूर असतें.

सोय असणें व ती हातीं येणें यांतील अंतर पाण्याच्या बाबतींतही दिसतें. नानासाहेब पेशव्यांनीं अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजहून भुयारी नळानें पाणी आणिलें. काळा हौद, बदामी हौद इत्यादि हौद त्यावर भरत. परंतु पाणी सर्वांचें नव्हतें. अस्पृश्य मानलेल्यांस हौदास हात लावण्याची बंदी होती. जोतीराव फुले यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद त्यांस मोकळा केला, तो या अंतरावरचा उपाय होता.

पुण्याची नगरपालिका १८५० च्या कायद्यान्वयें १८५७ सालीं स्थापन झाली. प्रारंभीं सभासद सरकारनियुक्त असत. लॉर्ड रिपन यांचा १८८२ चा ठराव व मुंबई इलाख्याचा १८८४ चा कायदा यांनंतर निवडणुकीस अधिक वाव मिळाला. जोतीराव १८७६ पासून कांहीं वर्षें नियुक्त सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठीं एक हजार रुपये खर्चण्यास त्यांनीं एकट्यानें विरोध केला व तो पैसा गरिबांच्या शिक्षणास लावावा असें सुचविलें. ठराव मंजूर झाला. परंतु सभेच्या कामकाजाची नोंद ठेवण्याची रीत असल्यामुळें एका मताचा पराभवही इतिहासास उपलब्ध राहिला. कोतवालीच्या काळीं असा विरोध झाला असता, तर तो आज शोधावयाचा कोठें?

१५ फेब्रुवारी १९५० रोजीं पुण्याची महानगरपालिका झाली. १९९२ ची चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलांत आली व तीन लाख किंवा अधिक वस्तीच्या शहरांत प्रभागसमित्यांची तरतूद झाली. २००६ पासून पुणें महापालिकेनें अंदाजपत्रकासाठीं नागरिकांकडून कामें सुचवून घेण्यास प्रारंभ केला. परंतु आमच्या प्रश्नाचें खरें उत्तर दोन कायद्यांत आहे.

पहिला, २००५ चा माहितीच्या अधिकाराचा. दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत माहिती द्यावी लागते व मूळ कागद समक्ष पाहतां येतात. त्याच्या चौथ्या कलमान्वयें प्रत्येक कार्यालयानें आपलें दप्तर सूचीबद्ध ठेवणें बंधनकारक आहे. दप्तरांच्या याद्यांवांचून हाल सोसलेल्या संशोधकांस याचें मोल सांगावयास नको. दुसरा, महाराष्ट्राचा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा. जन्ममृत्यूचा दाखला, नळजोड इत्यादि अधिसूचित सेवांस त्यानें मुदत व जबाबदार अधिकारी नेमून दिला. अर्ज देतांच क्रमांकासह पोच मिळावी. मुदत टळल्यास प्रथम अपील, मग द्वितीय अपील, आणि शेवटीं आयोग. सबळ कारणावांचून कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास पांचशें ते पांच हजार रुपये दंड आहे. १७६४ च्या चावडीवर जें कलम नव्हतें तें हेंच.

मात्र कलम आपणहून चालत नाहीं. तोंडी तक्रारीस मुदत लागू होत नाहीं व अपीलही नाहीं. यास्तव रहिवाशानें एका अर्जांत एकच विषय मांडावा, जागा व दिनांक स्पष्ट लिहावा, पोच व तिचा क्रमांक जपून ठेवावा, आणि मुदतीचा दिवस टिपून ठेवावा. मार्च २०२२ मध्यें पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. दार ठोठावण्यास लोकनियुक्त सभासद नसतांना कागद हाच रहिवाशाचा प्रतिनिधि होता.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेक जण जुन्या कागदांचे संग्राहक आहेत. वतनाची सनद सांपडली तर आपण ती रेशमी रुमालांत ठेवतों. घरपट्टीची जुनी पावती, नळजोडाचा अर्ज, बोळाच्या वादांतील नोटीस मात्र रद्दींत घालतों. सनदेंत राज्यकर्त्याची इच्छा असते, अर्जांत रहिवाशाची गरज असते. अठराव्या शतकांतील पेठकऱ्याचा आवाज आपणांस इतका तुटक ऐकूं येतो, कारण त्याचे अर्ज कोणी जतन केले नाहींत. आपल्या काळच्या पेठकऱ्याविषयीं पुढील संशोधकावर तीच पाळी येऊं नये, यास्तव प्रत्येकानें आपल्या घरचे असले कागद पेठवार व सालवार लावून त्यांची एक याद करावी, आणि ती जवळच्या संग्रहास द्यावी, इतकीच आमची विनंति आहे.